सनद, पदवी आणि अर्हता

आमच्या लोह्याकडील म्हातारी माणसे आपल्या शाळेच्या गोष्टी सांगू लागली म्हणजे तीन शब्द त्यांच्या तोंडी हटकून येत: तहतानिया, वस्तानिया आणि फौकानिया. आम्हां मुलांस ती कोठल्या तरी दूरच्या गावांची नावे वाटत. वास्तविक ती निजामाच्या राज्यातील शाळांच्या तीन पायऱ्यांची नावे होत. अरबी भाषेत ‘तहत’ म्हणजे खाली, ‘वस्त’ म्हणजे मध्ये आणि ‘फौक’ म्हणजे वर. तेव्हा खालची शाळा, मधली शाळा आणि वरची शाळा, इतकाच त्या भारदस्त शब्दांचा अर्थ. शिक्षकास मुदर्रिस म्हणत, मुख्याध्यापकास सदर मुदर्रिस. वर्गास जमात, परीक्षेस इम्तिहान, शिक्षणखात्यास तालीमात. जिल्ह्याचा शिक्षणाधिकारी तो मोहतमीम तालीमात आणि हैदराबादेस बसून सर्वांवर देखरेख करणारा तो नाजिम तालीमात. शेवटी विद्यार्थ्याच्या हाती जो कागद पडे, त्याचे नाव सनद. घरी आईशी मराठी, बाजारात मराठी, देवळात मराठी. परंतु आपण किती शिकलो हे सांगावयाचे झाले की शब्द अरबी-फारशी.

श्रोतेहो, आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो वरवर पाहता कोशकारांचा वाटेल. माणूस किती शिकला, त्यास काय येते आणि कोणते काम त्याच्या हाती सोपवावे, हे सांगण्यासाठी जे शब्द आपण वापरतो, ते देणाऱ्यास आणि घेणाऱ्यास एकाच अर्थाने कळतात काय, हा तो प्रश्न. मराठवाड्यातील माणसांस हा प्रश्न कोशात भेटलेला नाही. एका राज्याची सनद दुसऱ्या राज्याच्या कचेरीत मेजावर ठेवताना तो त्यांना भेटला आहे. आपल्या भागाने शंभर वर्षांत विद्येच्या मापाची तीन-चार परिभाषा पाहिल्या. दर वेळी जुने माप टाकून नवे घ्यावे लागले. म्हणून ह्या विषयाचा इतिहास आपल्याकडे जितका भरगच्च आहे, तितका महाराष्ट्राच्या इतर भागांत क्वचितच असेल.

आधी आपल्या रोजच्या शब्दांकडे पाहू. ‘इयत्ता’ हा शब्द संस्कृत ‘इयत्’ म्हणजे ‘इतके’ ह्यापासून आलेला. इयत्ता म्हणजे इतकेपणा. मुलगा इयत्ता चौथीत आहे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या विद्येचा इतकेपणा चौथ्या खुणेपर्यंत आला आहे, असा त्याचा मूळ भाव. ‘उत्तीर्ण’ म्हणजे तरून पलीकडे गेलेला. परीक्षेस नदी कल्पून केलेला शब्द. ‘स्नातक’ म्हणजे गुरुगृही अध्ययन संपवून ज्याने समारोपाचे स्नान केले तो. ‘सनद’ ह्या अरबी शब्दाचा मूळ अर्थ आधार, टेकू. मुसलमानी धर्मविद्येत तर सनद म्हणजे परंपरेची साखळी: ही गोष्ट मी ह्यांच्याकडून ऐकली, त्यांनी त्यांच्याकडून, असे थेट मूळ पुरुषापर्यंत. म्हणजे कोणापाशी शिकलास, हे सनद सांगत असे. आणि ‘दाखला’ हा शब्द ‘आत येणे’ ह्या अर्थाच्या अरबी धातूपासूनचा. आपण मात्र तो शाळा सोडताना देतो! अर्थात त्यात विसंगती नाही, कारण एका शाळेचा दाखला हातात असल्याशिवाय दुसरीत दाखल होता येत नाही.

हे सर्व शब्द गोड आहेत, जुने आहेत; पण एक गोष्ट त्यांतील एकही सांगत नाही. इतकेपणा म्हणजे किती? तरून गेला ती नदी किती खोल होती? वस्तानिया उतरलेल्या मुलास हिशेब येतो की नाही, अर्ज लिहिता येतो की नाही, हे ‘मधली शाळा’ ह्या नावावरून कसे कळावे? कळत असे, हे खरे. कारण तहशिलीत बसलेला कारकून स्वतः त्याच शाळेतून आलेला असे. शब्दाची व्याख्या कागदावर नव्हती, ती त्या कारकुनाच्या अनुभवात होती. जोवर देणारा आणि घेणारा एकाच पाण्यात पोहलेले, तोवर चालले.

आता उस्मानिया विद्यापीठाकडे वळू. कारण परिभाषा घडविण्याचा एवढा मोठा उद्योग त्या काळी हिंदुस्थानात दुसरीकडे झालेला नाही. १९१७ साली हैदराबादेस दारुत्तर्जुमा म्हणजे भाषांतरखाते निघाले, १९१८ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढील वर्षी वर्ग भरू लागले. सर्व विषय उर्दूतून शिकवावयाचे ठरले होते. त्यासाठी शब्द हवेत, म्हणून विद्वानांच्या बैठका भरत आणि एकेका शब्दावर खल होई. ह्या खात्याच्या आरंभाशी ज्यांचे नाव निगडित आहे ते मौलवी अब्दुल हक बरीच वर्षे आपल्या औरंगाबादेस राहिले, आणि अंजुमन तरक्की-ए-उर्दू ह्या संस्थेचा कारभारही तेथूनच चाले. त्यांच्या बरोबरीचे वहीदुद्दीन सलीम ह्यांनी तर परिभाषा कशी घडवावी ह्या विषयावरच स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि नवे शब्द केवळ अरबीतूनच उचलावेत हा हट्ट बरा नव्हे, उर्दू ही ह्याच देशातील भाषा आहे, असे मत मांडले. गणितास रियाजी, रसायनास कीमिया, अर्थशास्त्रास मआशियात, मानसशास्त्रास नफसियात, असे शब्द रूढ झाले. मराठीत विज्ञान शिकवावे की नाही ह्यावर आपण अद्याप वाद घालतो. त्या मंडळींनी शंभर वर्षांपूर्वी वाद न घालता पुस्तके छापली. राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी वा कानडी असता तिच्या माथी उर्दू लादली गेली, हा अन्याय होता आणि तो अन्यायच म्हटला पाहिजे. तरी त्या श्रमांस मी हिणवणार नाही.

ह्या उद्योगात एक चमत्कार दिसतो. उस्मानियाच्या पदवीधरांस उर्दूत ‘तैलसानी’ म्हणू लागले. तैलसान म्हणजे विद्वानांनी खांद्यावर घ्यावयाचे वस्त्र. आपला स्नातक स्नान केलेला, त्यांचा तैलसानी शाल पांघरलेला! पदवीधरांनी आपल्या मंडळास आणि मासिकासही तेच नाव दिले. परंतु पदवीचे नाव विचाराल तर ते बी. ए. आणि एम. ए. हेच राहिले. प्रवेशाची परीक्षाही मॅट्रिकच. ज्यांनी रसायनापासून मानसशास्त्रापर्यंत कशालाही इंग्रजी नाव राहू दिले नाही, त्यांनी पदव्यांची नावे का राखली? मला वाटते, त्याचे कारण उघड आहे. विद्येचे शब्द वर्गाच्या चार भिंतींत वापरावयाचे असतात; तेथे शिक्षक आणि विद्यार्थी ठरवतील तो अर्थ. पदवीचे नाव मात्र परक्या दारावर उच्चारावयाचे असते. मद्रास, मुंबई वा नागपूर येथील माणसाने ते ऐकून दार उघडले पाहिजे.

ते दार ठोठावण्याची वेळ १९३८ साली आली. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. तो वणवा हैदराबादेस उस्मानियाच्या वसतिगृहांत पोहोचला, आणि सरकारने विद्यार्थ्यांची नावे पटावरून काढली. पुढे काय? ज्या राज्यात जन्मलो त्या राज्याच्या विद्यापीठाचे दार बंद, हाती उस्मानियाची गुणपत्रिका, आणि विज्ञानाचे शब्द उर्दूतले. अशा वेळी नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू केदार ह्यांनी ह्या मुलांस आपल्याकडे प्रवेश देण्याची तयारी दाखविली, आणि कित्येकांचे शिक्षण मार्गी लागले. पुढे भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांपैकीच एक. केदारांचे धैर्य आणि औदार्य मोठे, ह्यात संशय नाही. पण नुसत्या औदार्याने रजिस्ट्रारच्या कचेरीतील रकाने भरत नाहीत. हा मुलगा कोणत्या वर्गात बसवावा, ह्या प्रश्नाचे उत्तर देण्यास ‘मॅट्रिक’ आणि ‘इंटर’ हे दोन्हीकडे सारखे असलेले शब्द उपयोगी पडले असले पाहिजेत. त्या मुलांजवळ केवळ ‘फौकानिया’ असता, तर नागपुरास त्याचा अर्थ कोणी सांगावा? आणि आतील विद्या? ती मुलांनी रात्री जागून, प्रत्येक उर्दू शब्दाशेजारी इंग्रजी शब्द मांडून, स्वतःच्या हिमतीवर पार केली असणार. तेथे समकक्षतेचे कोष्टक कोणाच्या मदतीस आले नसेल.

हा ‘मॅट्रिक’ शब्द तरी काय आहे? लॅटिन भाषेत मॅट्रिक्युला म्हणजे पट, नावांची यादी. विद्यापीठाच्या पटावर नाव घालण्यापूर्वी घ्यावयाची ती परीक्षा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले आणि त्याची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. त्या पहिल्या तुकडीत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. म्हणजे शब्द आत जाण्याचा, प्रवेशाचा. पण लवकरच सरकारी नोकरीच्या जाहिराती त्याच शब्दावर चालू लागल्या, आणि जे विद्यापीठाची पायरी कधी चढणार नव्हते, त्यांच्या शिक्षणाचाही तो शेवट झाला. पुढे तर ‘नॉन-मॅट्रिक’ हीसुद्धा एक प्रकारची पात्रता होऊन बसली आणि ‘मॅट्रिक फेल’ असे लोक अभिमानाने लिहू लागले. त्यातही एक प्रामाणिकपणा होता. मी तेथपर्यंत गेलो होतो, एवढे त्यातून कळे.

मुंबई इलाख्यात विद्यापीठाची मॅट्रिक जाऊन १९४९ साली स्वतंत्र मंडळाची एस. एस. सी. आली. १९७५ पासून अकरा वर्षांऐवजी दहा वर्षांची शालान्त परीक्षा सुरू झाली. मी स्वतः मॅट्रिक म्हणवून घेतो. शिक्षक म्हणून लागलो तो मॅट्रिक आणि डी. एड. एवढ्या शिदोरीवर. पण माझ्या प्रमाणपत्रावर ‘मॅट्रिक’ हा शब्द कोठेही नाही! शब्द कायद्यातून गेला, लोकांच्या जिभेवरून गेला नाही. जुने अकरावीवाले आम्हां दहावीवाल्यांकडे जरा वरून पाहात, आणि त्यांस तसा हक्कही होता, कारण एकाच शब्दाखाली दोन निरनिराळी मापे आली होती. पुढे ज्या डी. एड. वर मी जन्म काढला, तिचे डी. टी. एड. झाले आणि मग डी. एल. एड. झाले. नवीन शिक्षक आपल्या पदविकेचे नाव सांगतो तेव्हा जुन्यास वाटते, ही काही निराळीच विद्या दिसते.

आता मराठवाड्याच्या इतिहासातील जे पान मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, त्याकडे येतो. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली आणि उस्मानियातील उर्दू माध्यमही लवकरच गेले. १९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज निघाले, तरी त्याची परीक्षा हैदराबादेसच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी व उस्मानाबाद हे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले, आणि १९५८ साली मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले. नकाशावर ही रेघ एका दिवसात हलली. पण हैदराबाद राज्याच्या नोकरीत असलेले शिक्षक, कारकून, तपासनीस एका रात्रीत मुंबई राज्याचे झाले तेव्हा प्रश्न उभा राहिला, की तिकडचे हे पद म्हणजे इकडचे कोणते? मुदर्रिस म्हणजे कोणत्या श्रेणीचा मास्तर? वरिष्ठ कोण, कनिष्ठ कोण?

राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११५ व्या कलमाने ह्या एकीकरणाची व्यवस्था केली, आणि त्याच वर्षी राज्यांच्या मुख्य सचिवांच्या परिषदेत समकक्षता ठरविण्याची चार गमके मान्य झाली होती. पदाचे स्वरूप व त्यातील कर्तव्ये, त्या पदावरील माणसाची जबाबदारी व अधिकार, भरतीसाठी किमान कोणती अर्हता लागत असे, आणि पगार. ह्या चारांचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. पदाचे नाव ह्यांत कोठेच नाही, आणि पगार सर्वांच्या शेवटी आहे. माणूस कोणते काम करीत होता, त्याच्यावर काय सोपविले होते, हे आधी पाहा, असे ते सांगतात. प्रत्यक्षात किती तंटे झाले, किती वर्षे ज्येष्ठतेच्या याद्या रखडल्या आणि किती प्रकरणे न्यायालयांत गेली, ते निराळे. परंतु तत्त्व म्हणून ह्याहून शहाणपणाचे काही पुढे कोणी सुचविलेले माझ्या वाचनात नाही.

मराठीत नवे शब्द घडविण्याची परंपरा आपल्यास नवी नव्हती. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश झाला, त्यात सुमारे चौदाशे फारशी-अरबी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ काढविला. त्यात एकेका इंग्रजी शब्दास मराठी, गुजराथी, संस्कृत, फारशी, हिंदी, बंगाली असे अनेक भाषांतील प्रतिशब्द शेजारी शेजारी मांडले आहेत. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय निघाले आणि पदनामकोश, परिभाषाकोश होऊ लागले. त्या कोशांची थट्टा करणे सोपे असते. पण ‘पदविका’ हा शब्द आज खेड्यातील मुलगीही सहज उच्चारते.

माझी तक्रार आहे ती निराळी. अर्हता, पात्रता, क्षमता, कौशल्य, प्रावीण्य हे पाच शब्द सरकारी कागदांत एकमेकांच्या जागी बसविलेले आढळतात. आणि ह्यांत पाच निरनिराळ्या गोष्टी आहेत. अर्ह् म्हणजे योग्य असणे. अर्हता म्हणजे अधिकृत रीतीने सिद्ध झालेली योग्यता, जी कागदावर दाखविता येते. पात्र म्हणजे भांडे. पात्रता म्हणजे एखादी गोष्ट सामावून घेण्याची लायकी, जीत वय, रहिवास अशा अटीही येतात. क्षम् म्हणजे सोसणे, पेलणे. क्षमता म्हणजे काम पेलण्याची शक्ती. कौशल्याची गोष्ट तर मौजेची आहे. जुने पंडित सांगत, की दर्भ म्हणजे कुश. हात कापून न घेता जो तो खुडून आणतो तो कुशल. आणि वीणेत जो निष्णात तो प्रवीण. काव्यशास्त्रात मम्मटाने ‘कुशल’ हा शब्द लक्षणेचे उदाहरण म्हणून घेतला, आणि दर्भ खुडणारा कोणत्याही कामात हुशार कसा ठरला ह्याची चर्चा पुढे शतकानुशतके चालली. व्युत्पत्ती खरी असो वा कल्पित, तिच्यात एक मर्म आहे: कुशल म्हणण्यापूर्वी कोणी तरी त्याच्या बोटांकडे पाहिले होते.

ह्या शब्दांचा घोळ शाळेत काय करतो, हे मी तीस वर्षांहून अधिक काळ पाहिले. आमच्या आरंभीच्या काळात पाठाची ‘उद्दिष्टे’ लिहावी लागत. १९९५ च्या सुमारास प्राथमिक शाळांत क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, आणि प्रत्येक विषयाच्या किमान क्षमतांस क्रमांक मिळाले. २०१७ पासून ‘अध्ययन निष्पत्ती’ हा शब्द आला. प्रत्येक वेळी प्रशिक्षण झाले, प्रत्येक वेळी नोंदवहीचे रकाने बदलले. माझ्या मते ह्या तिन्हींत मधली कल्पना सर्वांत स्वच्छ होती. तीन अंकी संख्यांची हातच्याची बेरीज करतो, ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगतो, अशी विधाने कोणत्याही आईस वाचून दाखविता येत, आणि ती घरी पडताळूनही पाहू शके. निष्पत्तीचा मजकूरही मुळात वाईट नाही, पण ‘निष्पत्ती’ ह्या शब्दापाशीच पालक थबकतो. ज्या शब्दाने मुलाचे माप सांगावयाचे, तो मुलाच्या आईस कळू नये, ही फौकानियाचीच गोष्ट पुन्हा झाली. भाषा तेवढी अरबीऐवजी संस्कृत.

आमच्या तालुक्यात माळेगाव म्हणून गाव आहे. मार्गशीर्षाच्या अखेरीस तेथे खंडोबाची यात्रा भरते आणि घोडे, गाढवे, उंट, बैल ह्यांचा मोठा बाजार होतो. आमच्या लाल कंधारी बैलाची जोडी ज्याने तेथे पाहिली तो ती विसरत नाही. ह्या बाजारात मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा भाषा बोलणारी माणसे येतात, आणि तरी बैलाच्या वयावरून तंटा क्वचितच होतो. कारण त्याची परिभाषा ठरलेली आहे: आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि जुळलेला. दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात, आणि आठही आले म्हणजे जनावर जुळले. विकणारा चार दाती म्हणाला, की घेणारा जबडा उघडून पाहतो. शब्द आणि खूण ह्यांच्यामध्ये मंडळ नाही, शिक्का नाही. माणसाची विद्या जबडा उघडून पाहता येत नाही, हे मलाही कळते. पण शब्दाखाली पाहता येण्याजोगी खूण असावी, एवढा धडा त्या बाजाराकडून घेण्यास हरकत नसावी.

ह्याच्या उलट उदाहरण म्हणून नरहर कुरुंदकरांचे नाव घेतो. कुरुंद्याचा हा मनुष्य इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा नापास झाला. शिक्क्याच्या परिभाषेत तो बराच काळ अनुत्तीर्ण होता, आणि त्याच काळात मराठवाड्यातील शहाणी माणसे त्याचे बोलणे ऐकण्यास येऊन बसत. पुढे ते पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य झाले. असा मनुष्य एखादाच. त्यावरून परीक्षा बंद करा असे कोणी म्हणणार नाही. पण माप घेताना काय सुटते, ते त्यावरून दिसते.

आजची परिभाषा आता थोडक्यात. आपल्या देशात २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा निघाला. त्यात आरंभी दहा स्तर होते, २०२३ च्या सुधारणेत ते आठ झाले. त्याच वर्षी राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आला; त्याप्रमाणे वर्षाचे अध्ययन १२०० तासांचे धरून त्यास ४० श्रेयांक, म्हणजे ३० तासांस एक. दहावी म्हणजे तिसरा स्तर, बारावी चौथा, तीन वर्षांची पदवी साडेपाचवा, पीएच. डी. आठवा. युरोपातील देशांनी १९९९ साली बोलोन्या येथे जाहीरनामा काढून पदव्यांचा मेळ घालण्यास आरंभ केला. तेथे पदवीसोबत एक पुरवणीपत्र देतात आणि ह्या माणसाने काय शिकले व त्याच्या देशाची शिक्षणपद्धती कशी आहे, हे त्यात लिहितात. युरोपचेही स्तर आठच. उच्च शिक्षणाच्या अर्हतांस परस्पर मान्यता देण्याचा जागतिक करार युनेस्कोने २०१९ साली केला आणि तो २०२३ साली अमलात आला. आपल्याकडे विद्यापीठांच्या पदव्यांची समकक्षता पाहण्याचे काम १९२५ पासून आंतरविद्यापीठ मंडळ करीत आले. त्याचेच आजचे रूप भारतीय विद्यापीठ संघ.

हे आकडे कामाचे आहेत, आणि १९५६ च्या तंट्यांची कथा ऐकलेला मनुष्य त्यांस नावे ठेवणार नाही. प्रत्येक स्तराचे वर्णनही मूळ कागदांत दिलेले आहे: त्या स्तरावरील माणसास ज्ञान किती, हातोटी कोणती, आणि देखरेखीशिवाय तो किती जबाबदारी घेऊ शकतो. ही जवळजवळ मुख्य सचिवांचीच गमके नव्या वेषात आली आहेत. अडचण अशी, की ते वर्णन इंग्रजीत राहते आणि माणसाच्या हाती पडतो तो नुसता आकडा.

आमच्या कंधार-लोह्याच्या बाजूची माणसे बांधकामावर हैदराबादेस जातात, ही आजची गोष्ट नव्हे. त्यांच्यात त्यांची स्वतःची श्रेणी आहे: बिगारी, मग गवंडी, मग मिस्त्री. बिगाऱ्याचा गवंडी केव्हा झाला हे मिस्त्री ठरवितो आणि ते शेकडो मैलांवर कोणी नाकारीत नाही, मात्र मिस्त्री ओळखीचा असला तरच. अनोळखी मुकादमापुढे तोच गवंडी पुन्हा बिगारीच्या मजुरीवर उभा राहतो. अशा माणसाने शाळेबाहेर मिळविलेल्या विद्येस परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आता सरकारने केली आहे, आणि ती फार चांगली सोय आहे. त्या प्रमाणपत्रावर स्तराचा आकडा असतो. माझी सूचना इतकीच, की आकड्याच्या खाली चार ओळी मराठीत छापाव्यात: ओळंब्यात भिंत उचलतो, गुण्यात कोपरा धरतो, गिलावा करतो, नकाशा वाचून आखणी करतो. ज्याला आखणी येत नसेल त्याच्या कागदावर ती ओळ नसावी. आणि मुकादम हैदराबादचा आहे, तेव्हा त्याच चार ओळी शेजारी तेलुगूतही छापाव्या लागतील.